रायफल झीरो कशी करावी: गोळीचा ड्रॉप, अंतर आणि क्लिकचा हिशेब

इंदूरमध्ये नेमबाजी शिकणारी मुलं बहुधा १० मीटर एअर रायफलपासून सुरुवात करतात. वर्ष-दोन वर्षांनी त्यातली काही पॉइंट टू-टूकडे, म्हणजे ५० मीटरच्या रायफलकडे वळतात, आणि तिथे पहिल्याच आठवड्यात एक प्रश्न हमखास येतो: "सर, २५ मीटरवर तर अगदी मधोमध लागत होती, ५० वर खाली का चाललीय?" रायफल बिघडली, स्कोप हलला, गोळ्या जुन्या आहेत, अशा सगळ्या शंका घेऊन होतात. बहुतेक वेळा काहीच बिघडलेलं नसतं. रायफल ज्या अंतरावर झीरो केली, म्हणजे नेम धरू तिथेच गोळी लागेल अशी लावली, त्या अंतराचंच उत्तर देत असते, आणि आपण तिला दुसऱ्या अंतराचा प्रश्न विचारलेला असतो.

हा लेख अशा मुलांसाठी, त्यांच्या पालकांसाठी आणि परवान्याची रायफल घरात आहे पण ती नीट लावायची कशी हे कुणी सांगितलं नाही अशांसाठी आहे. आकडे मुख्यतः पॉइंट टू-टूचे दिले आहेत, कारण आपल्याकडे रेंजवर सर्वांत जास्त तीच चालते. तर्क मात्र कुठल्याही रायफलला तोच लागू होतो.

गोळी खाली का येते

नळीतून बाहेर पडल्या क्षणापासून गोळी खाली पडू लागते. पुढे कितीही वेगानं जात असली तरी खाली पडण्याचा वेग त्यामुळे कमी होत नाही. किती पडेल हे ती हवेत किती वेळ राहते यावर ठरतं: ४.९ गुणिले वेळेचा वर्ग, उत्तर मीटरमध्ये. हवेच्या विरोधामुळे किंचित फरक पडतो, पण रेंजवरच्या अंतरांना हे सूत्र पुरेसं आहे.

पॉइंट टू-टूची साधी मॅच गोळी नळीतून साधारण ३२५ मीटर प्रति सेकंद वेगानं निघते. २५ मीटर गाठायला तिला ०.०७८ सेकंद लागतात आणि तेवढ्यात ती ३ सेंटीमीटर खाली येते. ५० मीटरला सुमारे ०.१६ सेकंद, ड्रॉप साडेबारा सेंटीमीटर. १०० मीटरला ०.३३ सेकंद, आणि ड्रॉप थेट ५३ सेंटीमीटरवर जातो. अंतर दुप्पट झालं की ड्रॉप चौपटीहून थोडा जास्त होतो, कारण वाटेत गोळीचा वेगही कमी होत असतो. हा चौपटीचा हिशेब डोक्यात पक्का बसला की निम्मे गोंधळ आपोआप मिटतात. एअर रायफलसुद्धा यातून सुटत नाही. १७० मीटर वेगाचा छर्रा १० मीटरच्या प्रवासात पावणेदोन सेंटीमीटर पडतो. १० मीटरवर दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा आहे, त्यामुळे तिथेही साइट, म्हणजे नेम धरायचं साधन, लावावीच लागते. अंतर कायम तेच असल्यामुळे मुलांच्या ते लक्षात येत नाही, एवढंच.

"गोळी आधी वर चढते" असं जे म्हटलं जातं ते अर्धवट खरं आहे. नळीच्या सरळ रेषेच्या वर गोळी कधीच जात नाही. पण नळीच किंचित वर तोंड करून असते. आपण बघतो ती नजरेची रेषा नळीच्या वरून जाते, स्कोप असेल तर साधारण ४ सेंटीमीटर वरून. नळी वर झुकवलेली असल्यामुळे गोळी खालून येऊन ही रेषा एकदा ओलांडते, थोडा वेळ तिच्यावर राहते आणि पुढे पुन्हा खाली उतरते. बागेला पाणी घालताना नळीचं तोंड लांबच्या वाफ्यासाठी थोडं वर धरतो, तसंच हे आहे. झीरो करणं म्हणजे नळी आणि नजर यांच्यातला हा कोन असा बसवायचा की गोळी नजरेच्या रेषेला आपल्याला हव्या त्या अंतरावर भेटेल. या भेटी दोन होतात, एक जवळ आणि एक लांब.

५० मीटरवर झीरो केलेली पॉइंट टू-टू

स्कोप नळीच्या ४ सेंटीमीटर वर, वेग ३२५, झीरो ५० मीटर. नेम बरोबर मध्यावर धरला तर गोळी कुठे लागेल ते असं येतं:

१० मीटरवर १.२ सेंमी खाली
१५ मीटरच्या थोडं पुढे पहिली भेट, म्हणजे बरोबर मध्यावर
२५ मीटरवर १.२ सेंमी वर
३० ते ३५ मीटरमध्ये सर्वांत वर, सुमारे १.५ सेंमी
५० मीटरवर मध्यावर
६० मीटरवर २.४ सेंमी खाली
७५ मीटरवर ८ सेंमी खाली
१०० मीटरवर २४ सेंमी खाली

हे आकडे वहीत उतरवून घ्या, पण ब्रह्मवाक्य समजू नका. तुमच्या गोळीचा वेग, स्कोपची उंची यांनुसार ते बदलतील. साच्याचं रूप मात्र हेच राहील. १५ ते ५० मीटरपर्यंत गोळी नजरेच्या रेषेपासून फार लांब जात नाही, आणि ५० नंतर ती झपाट्यानं कोसळते. म्हणून ५० मीटरचा झीरो पॉइंट टू-टूला इतका सोयीचा पडतो. हीच रायफल १०० मीटरवर झीरो केली तर ५० मीटरवर गोळी १२ सेंटीमीटर वर लागेल. दोन्ही अंतरांना एकच झीरो चालवण्याचा हट्ट धरू नये.

रेंजवर जाण्याआधी

कायद्याचं पहिलं. ४.५ मिलिमीटर नळीच्या आणि २० जूलपर्यंत शक्तीच्या एअर रायफलला शस्त्र नियम २०१६ नुसार परवाना लागत नाही. पॉइंट टू-टूला आणि त्यावरच्या प्रत्येक रायफलला लागतो. शिकार वन्यजीव कायद्यानं बंद आहे, तेव्हा या लेखातलं सगळं रेंजसाठीच आहे. शेतात, फार्महाउसवर, मागे मुरमाचा ढिगारा आहे म्हणून झीरो करायला बसू नका. पॉइंट टू-टूच्या डब्यांवर दीड मैलांपर्यंतच्या धोक्याचा इशारा छापलेला असतो, म्हणजे जवळजवळ अडीच किलोमीटर. इंदूरच्या भोवती आज अडीच किलोमीटर मोकळी जागा कुठे उरलीय? लग्नात हवेत गोळ्या झाडणं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे, आणि तो तसा असायलाच हवा.

आता रायफल. बोल्ट काढून चेंबर रिकामं असल्याची खात्री डोळ्यानं करा आणि बोटानंही करा. स्कोपच्या रिंगा आणि माउंटचे स्क्रू घट्ट आहेत का, स्टॉकचे, म्हणजे दस्त्याचे, स्क्रू घट्ट आहेत का ते बघा. झीरो "रोज बदलतो" अशी तक्रार येते तेव्हा मी सर्वांत आधी इथेच हात लावतो. बऱ्याचदा एक सैल स्क्रू सापडतो आणि प्रश्न तिथेच संपतो. नळी कोरडी असावी. तेल लावून ठेवलेली रायफल पहिल्या काही गोळ्या वेगळ्याच ठिकाणी मारते, म्हणून त्या मोजायच्याच नाहीत.

गोळ्या एकाच लॉटच्या, म्हणजे कारखान्यात एकाच खेपेत बनलेल्या, घ्या. डब्याच्या पाकळीवर लॉट नंबर असतो, तो वहीत लिहा. वेग १० मीटर प्रति सेकंदानं जरी कमी-जास्त झाला तरी ५० मीटरवर गोळी पाऊण सेंटीमीटर वर-खाली होते, आणि १०० मीटरवर ३ सेंटीमीटरहून जास्त. ५० मीटरच्या आंतरराष्ट्रीय टार्गेटवर दहाच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर आहे. म्हणजे नुसता डबा बदलल्यानं दहाचा नऊ होऊ शकतो, नेमबाजाची काहीही चूक नसताना.

आधी ग्रुप, मग स्क्रू

झीरो करताना सर्वांत जास्त गोळ्या वाया जातात त्या घाईनं. एक गोळी मारली, उजवीकडे लागली, दोन क्लिक (साइटच्या स्क्रूचे ठरावीक टप्पे) डावीकडे. दुसरी मारली, खाली लागली, तीन क्लिक वर. अर्ध्या तासानं रायफल कुठे आहे हे कुणालाच सांगता येत नाही. एका गोळीवरून कधीही साइट हलवायची नाही. पाच गोळ्या, एकाच नेमानं, एकाच श्वासाच्या लयीत, मधे कशालाही हात न लावता. त्या पाच भोकांचा पुंजका म्हणजे ग्रुप, आणि त्याचा मध्य म्हणजे रायफलचं उत्तर. पाच भोकं तळहाताएवढी पसरलेली असतील तर साइटला हात लावण्यात अर्थच नाही. आधी पवित्रा, स्लिंग (रायफल हाताला घट्ट धरणारा पट्टा), ट्रिगर यांवर काम करा. झीरो करताना रायफल वाळूच्या पिशवीवर किंवा स्टँडवर टेकवा, म्हणजे तुमचं थरथरणं हिशेबात येणार नाही. टेकवताना पिशवी फोर-एंडखाली, म्हणजे स्टॉकच्या पुढच्या भागाखाली असावी, नळीखाली कधीही नाही. नळीला पिशवीचा स्पर्श झाला की ग्रुप सरकतो.

पाचातली एक गोळी फार लांब गेली आणि ट्रिगर ओढतानाच तुम्हाला ते जाणवलं असेल, तर ती सोडून द्या. जाणवलं नसेल तर ती मोजायची. नको असलेलं भोक "फ्लायर" म्हणून पुसून टाकायची सवय लागली की वही खोटी बोलू लागते.

प्रत्यक्ष क्रम

सुरुवात २५ मीटरवर करा, ५० वर नाही. नवीन बसवलेला स्कोप ५० मीटरवर कागदाच्या बाहेरच मारत असेल, आणि बाहेर गेलेल्या गोळीवरून काहीच शिकता येत नाही. बोल्ट काढून रायफल पिशवीवर स्थिर करा, नळीच्या मागून डोकावून टार्गेट नळीच्या वर्तुळात मधोमध आणा, आणि रायफल न हलवता स्कोपची क्रॉस त्याच जागी फिरवून घ्या. एवढ्यानं २५ मीटरवरची पहिली गोळी कागदावर येते.

मग पाच गोळ्यांचा ग्रुप. मध्य शोधा. ५० मीटरचा झीरो हवा असेल तर २५ मीटरवर ग्रुप नेमाच्या मध्यावर आणायचा नसतो, १.२ सेंटीमीटर वर आणायचा असतो. वरची यादी पुन्हा बघा. लेखाच्या सुरुवातीच्या मुलानं २५ मीटरवर मधोमध झीरो केली होती, म्हणून ५० वर त्याच्या गोळ्या अडीच सेंटीमीटर खाली जात होत्या.

क्लिकचा हिशेब असा. स्कोपवर बहुधा "पाव एमओए" लिहिलेलं असतं. एमओए म्हणजे एका अंशाचा साठावा भाग, आणि तो १०० मीटरवर २.९ सेंटीमीटर होतो. पाव एमओएचा एक क्लिक १०० मीटरवर ७.३ मिलिमीटर, ५० वर ३.६, २५ वर १.८. लक्षात ठेवायला सोपं सूत्र: अंतर मीटरमध्ये गुणिले ०.०७३, उत्तर मिलिमीटरमध्ये. स्कोपवर मिलरॅडियन (मिल, कोनाचंच दुसरं माप) लिहिलं असेल तर आणखी सोपं, ०.१ मिलचा एक क्लिक १०० मीटरवर १ सेंटीमीटर, ५० वर अर्धा.

समजा २५ मीटरवर ग्रुपचा मध्य नेमापासून ६ सेंटीमीटर खाली आला. आपल्याला तो १.२ सेंटीमीटर वर हवा, म्हणजे एकूण ७२ मिलिमीटर वर. ७२ भागिले १.८, चाळीस क्लिक वर. पुन्हा पाच गोळ्या मारून बघा, आणि बसलं की ५० मीटरवर चला. तिथे समजा ग्रुप २९ मिलिमीटर खाली आणि १८ मिलिमीटर उजवीकडे आला. २९ भागिले ३.६ म्हणजे आठ क्लिक वर, १८ भागिले ३.६ म्हणजे पाच क्लिक डावीकडे. पुन्हा पाच गोळ्या. मध्य बसल्यासारखा वाटला तरी थांबू नका, रायफल खाली ठेवा, उठा, पाणी प्या, पुन्हा पवित्रा घेऊन आणखी पाच मारा. दोन्ही ग्रुपचे मध्य एकमेकांवर आले तरच झीरो झाली असं म्हणायचं.

कुठल्या बाजूला फिरवायचं याचा घोळ फार होतो. स्कोपवर वरचा बाण म्हणजे गोळी वर जाईल. उघड्या साइटवर मागची साइट ज्या बाजूला सरकवाल त्या बाजूला गोळी जाते, आणि पुढची साइट, जिला आपल्याकडे अजून मक्खी म्हणतात, बरोबर उलट वागते. गोळी खाली लागत असेल तर मक्खी बुटकी करावी लागते. जर्मन बनावटीच्या डायॉप्टरवरच्या, म्हणजे बारीक छिद्रातून बघायच्या मागच्या साइटवरच्या, खुणा वेगळ्या अर्थाच्या असतात: त्यांवरचं अक्षर गोळी कुठे लागतेय ते सांगतं, कुठे न्यायची ते नाही. गोळी वर लागत असेल तर वरच्या खुणेकडे फिरवायचं. नवी साइट हाती आली की दहा क्लिक एका बाजूला देऊन ग्रुप कुठे सरकतो ते एकदा मारून बघा आणि वहीच्या पहिल्याच पानावर लिहून टाका. जुन्या साइटच्या स्क्रूत थोडी ढील असते. अशा वेळी हव्या त्या जागेच्या दोन क्लिक पुढे जाऊन परत या, म्हणजे स्क्रू दर वेळी एकाच बाजूनं बसतो.

क्लिक नसलेल्या साइटचा हिशेबही सोपा आहे. दोन साइटमधलं अंतर अर्धा मीटर, टार्गेट ५० मीटरवर आणि चूक ५ सेंटीमीटर असेल, तर साइट अर्धा मिलिमीटर हलवायची. मक्खी कानशीनं घासायची असेल तर हा अर्धा मिलिमीटर चार वेळा मोजून, चार हप्त्यांत घासा. घासलेलं परत येत नाही.

दुसऱ्या अंतराला जायचं झालं तर

५० मीटरचा झीरो पक्का झाला की १०० मीटरसाठी पुन्हा सगळं करायची गरज नाही. १०० वर गोळी २४ सेंटीमीटर खाली जाते. एक क्लिक ७.३ मिलिमीटर, म्हणजे साधारण ३३ क्लिक वर द्यायचे. द्या, पाच गोळ्या मारा, जो काही फरक राहील तो दुरुस्त करा आणि खरा आकडा वहीत लिहा. तुमच्या रायफलचा आकडा ३१ निघेल किंवा ३६ निघेल. तो तुमचा आहे आणि तोच वापरायचा, दुसऱ्याच्या मोबाइलमधला नाही. २५, ५०, ७५, १०० या प्रत्येक अंतराचा स्वतः मारून काढलेला आकडा ज्याच्या वहीत आहे, त्याला बॅलिस्टिक अ‍ॅप उघडावंच लागत नाही. अ‍ॅप वाईट नाही, पण त्यात डब्यावरचा वेग भरून आलेलं उत्तर तुमच्या नळीचं नसतं.

रायफल एका बाजूला कलली की ड्रॉपचा काही भाग आडवा होतो. पाच अंश कलली तर ५० मीटरवर गोळी एक सेंटीमीटर बाजूला जाते, आणि १०० मीटरच्या झीरोवर साडेचारहून जास्त. ५० वर चालून गेलेली ही सवय १०० वर महाग पडते. स्कोप बसवताना क्रॉसची उभी रेषा ओळंब्याच्या दोरीला लावून बघा.

माळव्यातली हवा

डिसेंबरच्या सकाळी इंदूरमध्ये पारा दहाच्या खाली जातो, मेच्या दुपारी चाळिशीच्या वर. थंडीत झीरो केलेली रायफल उन्हाळ्यात चालेल का? हवा १० अंशांवरून ४० अंशांवर गेली की सुमारे दहा टक्के विरळ होते, पण त्यानं ५० मीटरवर फरक पडतो तो जेमतेम १ मिलिमीटरचा, १०० वर ७ मिलिमीटरचा. समुद्रसपाटीवरून आपल्या साडेपाचशे मीटर उंचीवर आलेल्या रायफलला फरक याहूनही कमी. गोळ्यांचं तापमान मात्र जपा. उन्हात तापलेल्या गाडीच्या डिकीतून काढलेला डबा आणि सावलीतला डबा यांचा वेग सारखा राहत नाही, आणि वेग बदलला की काय होतं ते वर सांगितलंच आहे.

वारा ही माळव्याची खरी अडचण आहे. देवासच्या टेकडीवर पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. ताशी १० किलोमीटरचा आडवा वारा, ज्यात झाडाची पानं नुसती हलत राहतात, पॉइंट टू-टूची गोळी ५० मीटरवर दीड सेंटीमीटर आणि १०० मीटरवर सहा सेंटीमीटर ढकलतो. एप्रिल ते जून दुपारी झीरो करायला बसलात तर झीरो रायफलचा होत नाही, त्या दिवसाच्या वाऱ्याचा होतो. सकाळी लवकर जा, वाऱ्याच्या झेंड्या पडलेल्या असताना. दुपारी उन्हानं टार्गेट तरंगताना दिसतं, तेही टळतं. वारा असताना मारावंच लागलं तर फक्त वर-खालीचे क्लिक लावा, डावी-उजवी बाजू शांत सकाळीसाठी ठेवा.

वही

तारीख, वेळ, रायफल, लॉट नंबर, अंतर, वारा, ऊन की ढग, ग्रुपचा मध्य, दिलेले क्लिक. एवढं प्रत्येक सत्राला. महूच्या आर्मी मार्क्समनशिप युनिटनं विजय कुमारसारखे ऑलिंपिक पदकविजेते नेमबाज घडवले, खरगोन जिल्ह्यातून ऐश्वर्य प्रतापसिंह तोमर आला, कोल्हापूरच्या स्वप्नील कुसळेनं २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून मारायचा प्रकार) कांस्य मिळवलं. त्या उंचीवर पोचलेल्यांच्या खेळात अंदाजाला जागा फार कमी असते, आणि ती शिस्त पहिल्या झीरोपासूनच लावून घ्यावी.

रायफल गाडीतून लांब नेली, पडली, स्कोप काढून बसवला किंवा लॉट बदलला की झीरो तपासायचा. भोपाळला स्पर्धेला गेलात तर तयारी आणि साइटिंगसाठी मॅचआधी १५ मिनिटं मिळतात. त्यात घरचा झीरो बरोबर आहे असं धरूनच पहिला ग्रुप मारा, मध्य बघा, आणि फरक दोन क्लिकहून कमी असेल तर आणखी एक ग्रुप मारल्याशिवाय स्क्रूला हात लावू नका.